बांध, कर्ण आणि सिद्धता : प्रस्तावना

प्रस्तुत पुस्तकात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी भूमिती शिकत असताना विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे एकत्र केली आहेत. हे प्रश्न मावळ तालुक्यातले आहेत. म्हणजे लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यापासून कामशेत, वडगाव, तळेगावापर्यंतच्या आणि आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांमधल्या लहानमोठ्या गावांतून एस.टी.ने, लोकलने अथवा पायी शाळेत येणाऱ्या मुलामुलींचे आहेत. प्रश्न शक्य तेथे विद्यार्थ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. त्यांना पाठ्यपुस्तकी वळण लावले असते तर ते अधिक नीटस दिसले असते हे खरे. परंतु ज्या अडचणीतून ते निघाले ती अडचण मग त्यांत दिसली नसती, आणि ती दिसावी एवढ्याचसाठी तर हा सारा खटाटोप आहे.

अभ्यासक्रम अनेक वेळा बदलले, बालभारतीची पुस्तके पुनःपुन्हा नव्याने लिहिली गेली, गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन भाग वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागले. तथापि भूमितीच्या तासाला बाकावरून उठणारे प्रश्न मात्र पिढ्यानपिढ्या जवळजवळ तेच राहिले आहेत. या प्रश्नांकडे पाहण्याची जी रीत आपल्या शाळांत रूढ झाली आहे ती मला मान्य नाही. प्रश्न आला की शिकवण्यात खंड पडला, पोर्शन मागे राहिला, असे मानून ‘हे परीक्षेला येत नाही’ या एका वाक्यात त्याची बोळवण करण्यात येते; आणि ज्या विषयाचा प्राणच कारण विचारण्यात आहे, ज्यात प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहावे लागते, त्याच विषयात कारण विचारणारा विद्यार्थी गप्प बसवला जातो. मुलाने प्रश्न विचारला म्हणजे तो स्वतः विचार करू लागला, याहून अधिक काही शिक्षकाने त्या तासाला मिळवावयाचे नसते, असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व पाने त्या मताच्या आधाराने लिहिली आहेत.

सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘सर, याचा उपयोग काय?’ त्याला बहुतेक शिक्षक जे उत्तर देतात ते आपल्या तालुक्यात तरी लगेच पटते : जमीन मोजण्यासाठी. मावळातील मुलांच्या कानांवर सातबारा, फेरफार, पोटखराबा, गटनंबर, हद्दीचा दगड आणि मोजणीचा अर्ज हे शब्द वाचायला येण्याच्या आधीपासून पडत असतात. आणि बंगल्यांच्या प्लॉटांची मागणी या डोंगरांपर्यंत पोहोचल्यापासून गुंठ्याचा भाव हा ओसरीवरच्या बोलण्यातला नित्याचा विषय झाला आहे. परंतु हे उत्तर खरे असले तरी अर्धेच आहे, कारण जमीन मोजण्याचे काम मनुष्याने प्रमेयांवाचूनही शतकानुशतके केले आहे. समोरासमोरच्या दोन बांधांच्या लांबीची सरासरी काढावी, उरलेल्या दोन बांधांची सरासरी काढावी, आणि त्या दोहोंचा गुणाकार म्हणजे शेताचे क्षेत्रफळ, हा नियम ईजिप्तमधील एडफूच्या मंदिराच्या भिंतींवरील जमिनींच्या नोंदींत वापरलेला आढळतो. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधील आपल्या ग्रंथात तो सांगितला, मात्र तो स्थूल आहे असे म्हणून सांगितला. चौकोनी शेताची चार मापे फळ्यावर लिहून द्यावीत आणि क्षेत्रफळ विचारावे, की वर्गातली मुलेही आपण होऊन हाच नियम सुचवतात. तो सुचणे स्वाभाविक आहे. पुढे काय होते ते मात्र पाहण्यासारखे आहे.

चारही बांध प्रत्येकी ३३ फुटांचे असे एक भाताचे खाचर घ्यावे. कोपरे काटकोनी असतील तर त्याचे क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. आता तेच चार बांध, एकाचीही लांबी इंचभर कमी-जास्त न करता, असे तिरपे करावेत की एका कोपऱ्यातला कोन ३० अंशांचा व्हावा. बांध तेच, लांबी तीच, आणि बांधाच्या कडेने चालत फेरी मारणाऱ्यास तेवढीच पावले पडणार. परंतु क्षेत्रफळ आता ५४४.५ चौरस फूट, म्हणजे अर्धा गुंठा. सरासरीच्या नियमाने पाहू जाता दोन्ही वेळा एकच गुंठा येतो. अर्धा गुंठा जमीन गेली कोठे, हा प्रश्न फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला कोणी विचारावा लागत नाही; तो त्याचा त्यालाच पडतो.

आणि येथे सिद्धता कामाला येते. हा नियम चुकतो तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. तो क्षेत्रफळ वाढवूनच दाखवतो, कधीही कमी दाखवत नाही, आणि शेत आयताकार असेल तेव्हाच बरोबर ठरतो. हे दहावीच्या विद्यार्थ्याला सहा ओळींत सिद्ध करता येते. कर्ण काढला की शेताचे दोन त्रिकोण होतात. कोणत्याही त्रिकोणाचा शिरोलंब त्याच शिरोबिंदूतून निघणाऱ्या बाजूहून मोठा असू शकत नाही, म्हणून त्रिकोणाचे क्षेत्रफळ दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाही. हाच विचार दुसऱ्या कर्णाने करावा व दोन्ही विधानांची बेरीज घ्यावी, की साध्य हाती येते. याचा व्यावहारिक अर्थ असा की या नियमाने मोजलेल्या जमिनीच्या व्यवहारात विकणाऱ्याचे कधी नुकसान होत नाही आणि घेणाऱ्याचे जवळजवळ नेहमी होते. नियम पाठ असलेल्या मनुष्याला हे जन्मभर कळणार नाही. सिद्धता जाणणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला ते कळते. उपयोग विचारणाऱ्या विद्यार्थ्याला द्यावयाचे पूर्ण उत्तर हे आहे : जमीन मोजण्यासाठी नियम पुरतो, नियम कोठे फसवतो ते जाणण्यासाठी भूमिती लागते.

सरकारी मोजणीने हा धोका फार पूर्वीच ओळखला होता. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरीत, तिचे सोळा आणे करीत, आणि शंकू उभारून शेताच्या आतून मुख्य रेषा टाकून, तिच्यावर दोन्ही अंगांनी लंब सोडून, सबंध क्षेत्र त्रिकोण व समलंब चौकोन यांत विभागून घेत. टिपणात त्या रेषांची मापे असत आणि गुणाकार बुकात तुकड्या-तुकड्याचे क्षेत्रफळ काढून बेरीज मांडलेली असे. भूमी अभिलेखाच्या दप्तरात टिपणाचे जीर्ण पान ज्याने पाहिले असेल त्याला आठवेल की ते चित्र प्रमाणात काढलेले नसते, वेडेवाकडे असते, आणि तरीही त्यावरून हद्द कायम करता येते. ‘आकृती चुकीची काढली तरी सिद्धता बरोबर कशी?’ असा जो प्रश्न या पुस्तकात पुढे आला आहे त्याला हे टिपण फार समर्पक उत्तर आहे. आकृती ही विचाराच्या सोयीसाठी असते. खरेपण असते ते तिच्यावर लिहिलेल्या मापांत आणि त्या मापांतून अपरिहार्यपणे निघणाऱ्या गोष्टींत.

चार बाजूंवरून चौकोन ठरत नाही ही गोष्ट आपल्या परंपरेत कोणीतरी किती कळकळीने सांगून ठेवली आहे हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीतील ‘लीलावती’ या भागात, कर्ण अथवा लंब यांपैकी काहीच न सांगता नुसत्या चार भुजांवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि असा प्रश्न ऐकून त्याचे उत्तर देऊ लागणाऱ्याला त्याहून मोठा पिशाच ठरवले आहे. ज्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापन केला आणि १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद करून ठेवली, त्या आचार्यांचा राग प्रश्न विचारण्यावर नव्हता. प्रश्नात काय अपुरे आहे हे न पाहता उत्तर देण्यावर होता. तो राग आजच्या शिक्षकानेही मनाशी बाळगावा.

येथूनच दुसरा, दिसायला साधा परंतु फार खोल जाणारा प्रश्न निघतो : ‘त्रिकोणाला एकरूपतेच्या एवढ्या कसोट्या आहेत, चौकोनाला का नाहीत?’ चार सारख्या काड्या टोकांशी टाचणीने जोडून मुलाच्या हातात द्याव्यात. चौकट त्याच्या बोटांत डोलू लागते. तीन काड्यांची चौकट डोलत नाही. बाबाबा कसोटी म्हणून जे वाक्य तो पाठ करतो त्याचा हा अनुभव आहे. लोणावळ्याच्या पावसाशी झुंजणारे घराचे छप्पर ज्या कैच्यांवर उभे असते त्या त्रिकोणी का असतात, हे त्याला मग कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. आणि मोजणीदार चौकोनी शेतात कर्ण का मोजतो हेही त्याच क्षणी उमगते, कारण कर्ण मोजला की डोलणारा चौकोन दोन न डोलणाऱ्या त्रिकोणांत बांधला जातो.

कसोट्यांच्या बाबतीत आणखी एक शंका हुशार विद्यार्थ्यांना हटकून येते, आणि तिचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या धावत्या वाचनात सहज निसटते. बाकोबा चालते, कोबाको चालते, मग बाबाको का चालू नये? कोन दोन बाजूंच्या मध्येच असला पाहिजे हा हट्ट कशासाठी? या शंकेला शब्दांनी उत्तर देऊ नये, कंपासपेटी उघडावी. अ या बिंदूपाशी ३० अंशांचा कोन काढावा, त्याच्या एका भुजेवर अब १० सेंटीमीटर घ्यावी, आणि ब हा केंद्र धरून ६ सेंटीमीटर त्रिज्येचा कंस दुसऱ्या भुजेवर मारावा. कंस त्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो. अ पासून एक सुमारे ५.३ सेंटीमीटरवर, दुसरा जवळजवळ १२ सेंटीमीटरवर. दोन्ही त्रिकोणांत दोन बाजू तितक्याच, कोनही तितकाच, तरी एक त्रिकोण दुसऱ्याच्या पोटात मावतो. त्रिज्या कमी करीत बरोबर ५ सेंटीमीटर केली की दोन्ही छेदबिंदू एकत्र येतात, काटकोन होतो आणि त्रिकोण एकच उरतो. पाठ्यपुस्तकातली कर्णभुजा कसोटी निराळी का सांगितली आहे त्याचे मर्म या ठिकाणी आहे. त्रिज्या ५ हून कमी केली तर कंस भुजेपर्यंत पोहोचतच नाही. एका कागदावर एवढे सारे घडते. ते शिक्षकाच्या सांगण्यावरून मान्य करण्याची विद्यार्थ्याला गरज राहत नाही.

घराच्या पायाची आखणी करताना गवंडी तीन, चार व पाच फुटांवर खुणा करून दोरी ताणतो आणि कोपरा गुण्यात आला असे म्हणतो, ही गोष्ट पुष्कळ मुलांनी पाहिलेली असते, कारण त्यांच्यापैकी कित्येकांचे वडील व चुलते तेच काम करतात. पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना हे उदाहरण सर्रास दिले जाते; परंतु ते त्या सिद्धांताचे नाही, त्याच्या व्यत्यासाचे आहे, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते. गवंड्याला काटकोन आधी मिळालेला नसतो. त्याला बाजू मिळालेल्या असतात आणि काटकोन हवा असतो. म्हणून ‘सिद्धांत सिद्ध केला, मग व्यत्यास पुन्हा कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दोरीपाशीच आहे. व्यत्यासाची सिद्धताही सुरेख आहे : त्याच दोन बाजू घेऊन एक काटकोन त्रिकोण स्वतंत्रपणे काढावा, त्याचा कर्ण सिद्धांताने तेवढाच येतो, आणि बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप ठरतात. सिद्धांताच्या नावाविषयीही मुले विचारतात. कर्णावरचा चौरस दोन बाजूंवरच्या चौरसांएवढा असतो हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या रचनेसाठी स्पष्ट सांगितले आहे. परंतु विधान करणे आणि पहिल्या तत्त्वांपासून क्रमाने त्याची सिद्धता मांडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीची जी पद्धत आज आपण शाळेत शिकतो ती युक्लिडची आहे. तीही आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबरच प्रथम आली असे नाही. नसिरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून सम्राट जगन्नाथ यांनी सवाई जयसिंहाच्या आश्रयाने १७१८ साली ‘रेखागणित’ या नावाने ती संस्कृतात आणली होती.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो मला या सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याला शिक्षक सर्वांत अधिक वैतागतात : ‘हे तर दिसतंच आहे, मग सिद्ध कशाला करायचं?’ समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन समान आहेत हे डोळ्यांना दिसते; एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचे विरुद्ध कोन समान आहेत हेही दिसते. येथे विद्यार्थ्याची बाजू दुबळी नाही. त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवण्यासाठी शिक्षकाजवळ सबळ कारण असले पाहिजे, आणि ते नसेल तर विद्यार्थ्याने प्रमेय नाइलाजाने पाठ करावे यात नवल नाही.

असे एक कारण कार्ल्याच्या लेण्यात उभ्या उभ्या सुचते. ज्या चैत्यगृहात मुले शाळेच्या सहलीबरोबर जातात, किंवा एकवीरेच्या दर्शनाला गेली असता डोकावतात, त्या सुमारे सव्वाशे फूट लांबीच्या दालनात दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा खांबांच्या ओळी आहेत आणि त्यांचे दांडे अष्टकोनी आहेत. चौकोनी ठोकळ्याचे चार कोपरे छाटले म्हणजे अष्टकोन होतो हे मुलांना लगेच दिसते. मग त्यांना विचारावे : कोपरा किती छाटावा, म्हणजे आठही बाजू समान होतील? समजा ठोकळ्याची बाजू १७ इंच आहे. तिचे ५, ७ आणि ५ असे तीन भाग करून कोपरे छाटले तर जो अष्टकोन मिळतो तो इतका डौलदार दिसतो की वर्गातल्या एकालाही शंका येत नाही. फूटपट्टी लावली तरी फरक चटकन सापडत नाही. परंतु छाटलेल्या कोपऱ्याची बाजू ही ५ व ५ या भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे. तिचा वर्ग ५० आणि शेजारच्या बाजूचा वर्ग ४९. पन्नास म्हणजे एकोणपन्नास नव्हे. डोळ्यांनी समान म्हटले, पट्टीने समान म्हटले, आणि तरी त्या समान नाहीत. इतकेच नाही, तर इंचाचे कितीही बारीक भाग पाडून पूर्ण संख्यांत मापे घेतली तरी त्या कधीच समान होणार नाहीत, कारण २ चे वर्गमूळ अपरिमेय आहे. आणि ही ‘कधीच’ची खात्री कोणतीही पट्टी देऊ शकत नाही, ती सिद्धताच देते. उलट कर्कटकाने हे काम तंतोतंत होते : चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यावर टोक ठेवून अर्ध्या कर्णाएवढ्या त्रिज्येचे कंस बाजूंवर मारावेत, जे आठ बिंदू मिळतील ते जोडावेत. कार्ल्याच्या शिल्पींनी कोणती रीत वापरली हे प्रस्तुत लेखनाचे प्रयोजन नाही. परंतु हा प्रश्न मनात घेऊन गेलेला विद्यार्थी त्या खांबांकडे पूर्वीपेक्षा अधिक वेळ पाहत राहील, एवढे निश्चित. भाजे लेण्यातही त्याने जावे. तेथल्या चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. दुरून सरळ वाटणारे खांब सरळ नाहीत हे ओळंबा सांगतो.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश का, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात आहेच : शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी, व्युत्क्रम कोन मांडावेत, आणि बेरीज सरळ कोनात जमते. परंतु खरा जिज्ञासू येथे थांबत नाही. समांतर रेषांचा तो गुणधर्म कोठून आला असे तो विचारतो, आणि आपण त्याला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ते एक गृहीतक आहे. दोन हजार वर्षे गणितज्ञांनी ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याचा यत्न केला. शेवटी एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी दाखवले की ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते. हे नववीच्या विद्यार्थ्याला झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पृथ्वीच्या गोल पृष्ठावर आखलेल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून अधिक भरते, आणि हा वाढावा दर सुमारे २०० चौरस किलोमीटरांना एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, इतका असतो, हे त्याला सांगितले की तो लगेच हिशेब करू लागतो. लोहगड, तुंग आणि तिकोना या तीन गडांचा त्रिकोण त्या मानाने इतका लहान आहे की त्यातला वाढावा एका विकलेचा अल्पसा अंशच होईल. म्हणून पवनेच्या खोऱ्यात उभे राहून कागदावरची भूमिती निर्धास्तपणे वापरावी. सबंध हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करणाऱ्यांना मात्र हा वाढावा हिशेबात धरावाच लागला.

घाटाखालून-घाटावर रेल्वेने जाणाऱ्या मुलांचा एक प्रश्न मला विशेष आवडला : ‘दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर सरळ रेषा, मग गाडी एवढी वळणं का घेते?’ बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली मार्ग खुला झाला. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्यापुढची अडचण भूमितीची होती. सुमारे १८३१ फूट उंची चढावयाची, आणि कोठेही ३७ फुटांस एक फूट याहून तीव्र चढ द्यावयाचा नाही. कारण त्याहून तीव्र चढावर त्या काळच्या इंजिनांच्या आधाराने गाड्या नेणे अवघड. तेव्हा प्रत्येक फूट उंचीला निदान ३७ फूट रूळ हवा, म्हणजे एकूण ६७,७४७ फूट, पावणेतेरा मैलांहून अधिक. नकाशावर दोन टोके कितीही जवळ असोत, याहून आखूड मार्ग या अटीत बसणार नाही. प्रत्यक्षात तो जवळजवळ १६ मैलांचा झाला. डोंगराने वळायलाही जागा दिली नाही तेथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेने पुढे नेण्याची योजना करावी लागली, आणि ती १९२९ पर्यंत चालली. सरळ रेषेचे प्रमेय खोटे पडले नाही. अट बदलली, म्हणून उत्तर बदलले. ३७ फुटांस एक फूट हा चढ किती अंशांचा, असे विचारल्यावर मुले दहा, पंधरा, वीस असे काहीही सांगतात. तो दीड अंशाहून किंचितच अधिक आहे हे स्पर्शज्येच्या कोष्टकात पाहून त्यांना मोठे आश्चर्य वाटते.

‘रचना सुचते कशी?’ या प्रश्नाला मी पुस्तकात सर्वांत अधिक पाने दिली आहेत आणि तरी माझे समाधान झालेले नाही. पक्ष लिहिला, साध्य लिहिले, आकृती काढली. यानंतर शिक्षक शांतपणे एक तुटक रेषा ओढतात आणि अवघड वाटणारे प्रमेय सुटून जाते. ती रेषा तेथेच का, हे कोणी सांगत नाही, आणि विद्यार्थी मनात धरतो की ही दैवी देणगी आहे, आपल्याला नाही. याला उपाय एकच दिसतो : ज्या रेषा ओढून पाहिल्या व निरुपयोगी ठरल्या त्याही फळ्यावर राहू द्याव्यात. म्हणून या पुस्तकात कित्येक उत्तरांत आधी फसलेली रचना दिली आहे आणि ती का फसली हे सांगून मगच योग्य रचना दिली आहे. साध्याकडून मागे यावे, समान कोन हवे असतील तर एकरूप त्रिकोण कोठे मिळतील ते शोधावे, मध्यबिंदू दिला असेल तर दुसऱ्या मध्यबिंदूची वाट पाहावी, अशा काही सवयी लावता येतात. त्यापलीकडे सरावाला पर्याय नाही.

प्रमेये पाठ करावीत की नाहीत, याविषयी पालक फार काळजीने विचारतात. विधान पाठ असावे, तेही अचूक शब्दांत. सिद्धता पाठ करू नये. नामनिर्देशनाची अक्षरे बदलताच पाठ केलेली सिद्धता कोसळते, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. पाय म्हणजे बरोबर बावीस सप्तमांश का, याचे उत्तर भास्कराचार्यांनीच देऊन ठेवले आहे. त्यांनी २२/७ ला स्थूल व ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटले. वाटेल त्या कोनाचे कर्कटक व पट्टी एवढ्यावरून तीन समान भाग का करता येत नाहीत, हे १८३७ साली वांत्झेल याने दाखवले. ती सिद्धता बीजगणिताची असल्याने परिशिष्टात ठेवली आहे. विशालकोन त्रिकोणात शिरोलंब बाहेर पडला तर तो उंची कसा, बिंदूला लांबी-रुंदी नाही तर तो दिसतो कसा, यांसारखे प्रश्न लहान वाटले तरी टाळलेले नाहीत.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. आठवड्यातला भूमितीचा एक तास पुढे न शिकवता केवळ प्रश्नांसाठी ठेवावा, प्रश्न विद्यार्थ्याच्या शब्दांत फळ्यावर लिहावा, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून दुसऱ्या दिवशी शोधून आणावे. वर्गात पोर्शनची ओढाताण किती असते हे मी जाणतो. तथापि असा तास ठेवल्याने पोर्शन मागे राहत नाही, कारण शंका फिटलेला वर्ग पुढचे प्रकरण झपाट्याने ओलांडतो.

विद्यार्थ्यांना सांगावयाचे ते थोडेच आहे. पहिले प्रकरण चार बाजूंच्या चौकोनापासून सुरू होते. ते उघडण्यापूर्वी सारख्या लांबीच्या चार काड्या, टाचण्या व थोडा दोरा जवळ घ्यावा, आणि प्रत्येक प्रश्नाचे आपले स्वतःचे उत्तर कागदावर उतरवून झाल्याखेरीज पान उलटू नये.